बाहुल्या आणि गज

जिन्याच्या कठड्यात जे उभे दांडे असतात त्यांना मराठीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न मी गेल्या वर्षभरात निदान वीस माणसांना विचारला. सुतार 'दांडे' म्हणाला. वेल्डिंगवाला 'गज' म्हणाला. आमच्या शाखेतले एक सहकारी संस्कृत घेऊन बी.ए. झालेले आहेत, ते 'स्तंभिका' म्हणाले आणि लगेच पुढच्या ग्राहकाचे पासबुक छापायला घेतले. आमच्या घरात मात्र त्यांना तीन पिढ्यांपासून 'बाहुल्या' म्हणतात आणि मला तोच शब्द रास्त वाटतो. कातारी लाकडाचा तुकडा गरगर फिरवून त्यावर पटाशी धरायचा, की त्याला हळूहळू मान फुटे, पोट सुटे, कंबर येई. असे तीसचाळीस तुकडे ओळीने उभे केले, की वरात पाहायला माडीवर जमलेल्या बायकांसारखे दिसत. फरक एवढाच, की हे तुकडे गप्प असत.

इंग्रजीत यांना बॅलस्टर म्हणतात. हा शब्द इटालियनमधून आला आणि मुळात तो ग्रीक. त्याचा अर्थ रानडाळिंबाचे फूल. फुलाखालचा फुगीर भाग आणि त्यावरची निमुळती मान पाहून कुणा रसिकाला ते सुचले असावे. म्हणजे युरोपातल्या माणसाला जिथे डाळिंबाचे फूल दिसले, तिथे तेल्हाऱ्यातल्या माणसाला बाई दिसली. यावरून ज्याने त्याने आपापला निष्कर्ष काढावा. मी विवाहित आहे.

इतिहासाच्या पुस्तकात राजे सिंहासनावर बसलेले असतात किंवा सिंहासनावरून उतरवलेले असतात. चढता-उतरताना त्यांनी हात कशाला धरला, याबद्दल बखरकार एक अक्षर लिहीत नाहीत. आमच्या घरात मात्र गेल्या उन्हाळ्यात हाच एक ऐतिहासिक प्रश्न होता. बाबांचे वय ब्याऐंशी. त्यांची खोली माडीवर. दिवसातून दोनदा ते जिना उतरतात आणि दोनदा चढतात. उजवा गुडघा त्यांचे ऐकत नाही, म्हणून सगळा भार कठड्यावर. आणि तो कठडा आता हात लावला की हो हो म्हणून मान डोलवू लागला होता. कारकुनाने मान डोलवावी, कठड्याने डोलवू नये.

सुतार आला. त्याने छत्तीसच्या छत्तीस बाहुल्यांवर हातोडीचा दांडा वाजवून पाहिला, डॉक्टर छाती वाजवतात तसा. काही ठणठण बोलल्या, काही भदभद बोलल्या. मधल्या एकीला त्याने नुसता अंगठा लावला तर अंगठा आत गेला.

"ह्या बाहुल्या नोय भाऊ, पापड होय पापड," तो म्हणाला. "उधईनं खाल्ल्या अंदरून."

मोजदाद केली तेव्हा एकवीस शाबूत आणि पंधरा पोकळ निघाल्या. गंमत अशी, की शाबूत त्या सगळ्या मूळच्या. पोकळ त्या मागाहून कधीतरी, जे लाकूड हाताशी आले त्याच्या करून बसवलेल्या. सागाच्या गाभ्यात उधईला न मानवणारी द्रव्ये असतात, म्हणून जुने सागवान तिच्या वाटेला सहसा जात नाही. पण त्याच सागाचा बाहेरचा पांढरा भाग ती आवडीने खाते. आंब्याबिंब्याच्या लाकडाचा तर प्रश्नच नाही. म्हणजे कायम नोकरीतले एकवीस कर्मचारी शंभरीच्या उंबरठ्यावर ताठ उभे आणि रोजंदारीवर घेतलेले पंधरा आतून संपलेले. संघटनेच्या सभेत सांगण्यासारखी गोष्ट होती, पण ते असो.

घरात तीन ठराव मांडले गेले. पहिला, बाबांची खाट खाली ओसरीवर आणावी. दुसरा, पंधरा बाहुल्या नव्याने सागवानात करून घ्याव्या. तिसरा, सगळ्याच काढून लोखंडी गज बसवावे. पहिला ठराव बाबांनी उभ्या उभ्या फेटाळला. "मले वर जायचं हाये तं जिन्यानंच जाईन," ते म्हणाले. "दुसऱ्या रस्त्याची मले घाई नाही." दुसरा ठराव कातारी न मिळाल्यामुळे बारगळला. गावातल्या कातारकाम करणाऱ्या घराण्यातला मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो. तिसऱ्या ठरावावर बाबांचा आक्षेप असा होता, की लोखंडी गज तुरुंगाला असतात, नाहीतर बँकेला. "तू दिवसभर गजामांगं बसतं, आता मलेही बसवतं काय?"

आमच्या कॅश केबिनला खरोखरच जाळी आहे, त्यामुळे यावर मला उत्तर देता येईना. वाणिज्य शाखेच्या माणसाला उत्तर आले नाही की तो जुनी वह्या-पुस्तके काढतो. मीही काढली. आणि सांगायला आनंद वाटतो, की लाकडी कठडा काढून दुसऱ्या कशाचा तरी बसवण्याचा हा घरगुती तंटा निदान दोन हजार वर्षांचा जुना आहे.

सांचीला जा. मोठ्या स्तूपाभोवतीचा दगडी कठडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मानतात. तिथे स्तूपावर चढायला दोन बाजूंनी दगडी जिना आहे आणि त्या जिन्यालाही कठडा आहे. पण तो नीट पाहिला तर दगडाचा वाटतच नाही. उभे खांब, त्यांत खाचा पाडून आडव्या घातलेल्या सूची आणि वर कूस करून बसवलेले उष्णीष, म्हणजे डोक्यावरची पगडी. हे सगळे सुताराचे काम. दगडाला असे सांधे करायची मुळीच गरज नव्हती. पण आधीचे कुंपण लाकडाचे असायचे, लोकांच्या डोळ्यांना तेच कुंपण वाटायचे, म्हणून पाथरवटाने छिन्नी हातात घेऊन सुतारकी केली. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात तर याच्या पुढची तऱ्हा. डोंगर कोरून काढलेल्या छताला खाली कोसळायची काहीच सोय नाही, तरी त्याला आधार म्हणून लाकडी फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या दोन हजार वर्षे टिकल्या आहेत.

लोखंडाने तेच केले. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला १७७९ साली ओतीव लोखंडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला. लोखंड जोडायचे कसे हे तोवर कोणाला अनुभवाने ठाऊक नव्हते, म्हणून त्याचे भाग खाच आणि कूस करून, पाचरी मारून, सुतार जोडतात तसे जोडले. नवा आलेला माणूस प्रथम जुन्याचेच कपडे घालून येतो, असा हा नियम दिसतो. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा पडद्यावरही खतावणीच उघडली होती. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. नाहीतर त्या यंत्राला डावे-उजवे काय ठाऊक?

कठडा हवाच कशाला, असे म्हणणारेही मोठे लोक होऊन गेले. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा ख्रिस्तोफर रेन याला, इमारतीच्या माथ्यावर कठडा लावावा ही वरिष्ठांची सूचना मुळीच पसंत नव्हती. बायकांना काठाशिवाय काही शोभत नाही, अशा आशयाचा टोमणा त्याने १७१७ साली मारला. त्याचे कोणी ऐकले नाही, कठडा बसला. रेनला मराठी येत असते तर त्याने वाद घातलाच नसता. काठ आणि कठडा यांचे नाते आपल्याकडे शब्दातच आहे आणि बिनकाठाचे लुगडे आपल्याकडे कोणी जावयाच्या आईला नेसवत नाही.

पुढच्या शतकात लोखंड ओतणे स्वस्त झाले आणि कठड्यांचे कारखाने निघाले. ग्लासगोच्या वॉल्टर मॅकफर्लेन कंपनीच्या सॅरासेन फाउंड्रीची जाडजूड सूचिपत्रे जगभर जात. चित्र पाहायचे, नंबर कळवायचा, की बोटीने कठडा येई. डाळिंबाची फुले, वेलबुट्ट्या, पोट सुटलेले गज, म्हणजे लाकडात आणि दगडात जे जे होते ते ते सगळे लोखंडात. मुंबईला काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची सबंध सांगाडाच लोखंडी असलेली इमारत आहे. तिचे सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून, बोटीने आणून १८६० च्या दशकात जोडले. त्याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली आणि आपल्याकडे सिनेमा आला. पण प्रेक्षक जिन्याने वर गेले, हे कोणी लक्षात ठेवत नाही.

वऱ्हाडात लोखंड आले ते कर्जाच्या आणि कापसाच्या पाठीवर बसून. बँकवाल्याला हा भाग फार जवळचा. निजामाकडे कंटिन्जन्ट फौजेचा खर्च थकला, म्हणून १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. आमच्या भाषेत तारण. १९०२ साली कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतले, म्हणजे तारण सुटायची आशाही मिटली. दरम्यान १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. अकोला, बडनेरा करीत आगगाडी १८६७ साली नागपूरला पोचली. तिच्या मागोमाग सरकी काढायची यंत्रे आणि गठाण बांधायचे दाब आले. त्या कारखान्याला आमच्याकडे 'जीन' म्हणतात. ज्याच्या कापसाला जीन लाभली त्याच्या घराला जिना लाभला, असे आमचे आबाजी सांगत. कापूस पिकला की माडी चढे आणि बुडाला की माडी गहाण पडे.

आमची माडी १९२४ सालची. आबाजींच्या वडिलांची चोपडी घरात आहे. तीत मोडीत नोंद आहे, ती बाबांना लागते: सागवान परतवाड्याहून, बाहुल्या ३६, कातारी मजुरी अमुक. तोवर लोखंडाचे गज बाजारात मिळू लागले होते, तरी पणजोबांनी लाकूडच घेतले याचे कारण सोपे आहे. तेल्हारा सातपुड्याच्या पायथ्याशी. बैलगाडी जुंपली की मेळघाटचे सागवान येत होते, ग्लासगोला मात्र बैलगाडी जात नव्हती. माणूस घर बांधतो ते जवळ जे मिळते त्याचे, आणि मागाहून नातवंडे त्याला परंपरा म्हणतात. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत गेला. सागाचे भाव तर घनफुटाला असे चढले, की वाघ बरा म्हणावा. तेव्हा जवळ मिळते ते म्हणजे आता लोखंड.

आणि हे लोखंड विदर्भाला परके आहे असेही नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालू होती. १८८२ साली त्यांच्या हाती एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल पडला, की चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम खनिज आहे. कारखान्याचे स्वप्न तिथे सुरू झाले. पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. पुढे चांद्याचा नाद सोडल्याचे सांगायला दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. भेट व्हायला वेळ होता, म्हणून समोरच्या अजब बंगल्यात शिरले आणि तिथल्या नकाशात त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोखंड दिसले. सरकारी कचेरीत ताटकळल्याने कोणाचे भले झाल्याचे मला ठाऊक असलेले हे एकमेव उदाहरण. टाटा अखेर साकचीला गेले. १९०७ साली कंपनी निघाली आणि १९१२ साली पोलाद बाहेर पडले. दुर्गकडच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर मागाहून भिलाई उभी राहिली. तिची पहिली झोतभट्टी १९५९ ची.

आमचे गज मात्र जालन्याकडचे, असे दुकानदार म्हणाला. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून लोखंड करतात. हे ऐकल्यापासून मी त्या गजांकडे आदराने पाहतो. त्यातला एखादा मागच्या जन्मी नांगराचा फाळ असेल, एखादा एस.टी.चा बंपर, एखादा कोणाच्या तरी जिन्याचा गज. लाकूड एकदा मेले की चुलीत जाते. लोखंडाला मोक्ष नाही. इंग्लंडने १९४१ साली युद्धसामग्रीसाठी घरोघरचे कठडे कापून नेले. त्यांचे बुंधे अजून तिथल्या भिंतींवर दिसतात. आणि युद्ध संपल्यावर जखमींना वाहून नेण्यासाठी केलेली पोलादी स्ट्रेचरे उरली, ती लंडनमध्ये घरांभोवती कठडे म्हणून उभी केली. ज्या दांड्यांना धरून जखमींना उचलले त्यांनाच धरून पुढे पोरे उभी राहिली असतील. यापेक्षा बरा पुनर्जन्म माणसालाही मिळणे कठीण.

हा सगळा इतिहास मी बाबांना तीन रात्री सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग दोन हजार वर्षांत कोनी धराची जागा बदलली काय?"

हा प्रश्न मात्र इतिहासाच्या पुस्तकात नव्हता. वेल्डिंगवाल्याला विचारले. तो म्हणाला, वर पाइप टाकू, चकाचक दिसेल. पण आमचा जिना चौकातून चढतो; मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारचे ऊन थेट कठड्यावर येते. लाकडापेक्षा लोखंडातून उष्णता काहीशे पट वेगाने हाताला पोचते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस चटका बसून हात सोडील, त्या क्षणासाठीच तर हा सगळा खटाटोप. तेव्हा ठरले, की बाहुल्या जातील, पण वरची हात धरायची सागवानी पट्टी राहील. ती गाभ्याची असल्याने तिला उधई शिवली नव्हती. युरोपातल्या लोखंडी जिन्यांनाही वरची पट्टी पुष्कळदा लाकडीच असते, हे मागाहून कळले. बाबांना आधीच कळले होते.

मग हिशेब. लाकूड घनफुटावर, लोखंड किलोवर. बारा मिलीमीटरचा चौकोनी गज मीटरला सुमारे १.१३ किलो भरतो. जुन्या बाहुल्यांमध्ये सहा इंचांची फट होती. त्या फटीत माझ्या धाकट्या भावाचे डोके १९८९ साली अडकले होते आणि कानांना तेल लावून काढावे लागले. तेल्हाऱ्यात तेलाला तोटा नाही, पण दर पिढीला डोके काढत बसायचे काय? अमेरिकेत नियम आहे, की चार इंचांचा गोळा कठड्याच्या फटीतून जाता कामा नये. आम्ही साडेतीन इंच फट धरली. त्यामुळे ३६ बाहुल्यांच्या जागी ७२ गज आले. वजन ६५ किलो. बाबांचे वजन ५२. तारणाची किंमत कर्जापेक्षा जास्त असावी, या बँकेच्या तत्त्वात ते बसले.

आमच्या शेजारच्या नरनाळा किल्ल्यावर 'नऊगजी' तोफ आहे. गावात दोन दिवस आमच्या घराला 'बहात्तरगजी' म्हणत.

काम चालू असताना ठिणग्या लाकडी पायऱ्यांवर पडत होत्या आणि सौभाग्यवती पाण्याची बादली घेऊन प्रत्येक ठिणगीवर व्यक्तिशः लक्ष ठेवून होत्या. गज थेट पायरीत न रोवता खाली एक आडवी पट्टी टाकून तिला जोडले. पट्टी पायरीपासून इंचभर वर. तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. खारे पाणी बुडाशी साचले की लोखंड वाळवीपेक्षा सावकाश पण तितक्याच निष्ठेने संपते. वर रेड ऑक्साइडचा हात. हा रंग म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने गंजाचाच सख्खा भाऊ. गंज येऊ नये म्हणून गंजाच्या भावालाच पहाऱ्यावर बसवायचे, ही युक्ती बँकेतही चालते.

रंग वाळल्यावर बाबा उतरले. एका हातात काठी, दुसरा हात पट्टीवर. मी खाली उभा होतो, सौभाग्यवती वर उभ्या होत्या, आणि दोघेही उगाच काहीतरी बोलत होतो. शंभर वर्षे चढून-उतरून त्या पट्टीला मधोमध एक गुळगुळीत पन्हळ पडली आहे. आबाजींचा हात तिथेच घासला, माझ्या आईचा तिथेच घासला. आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी घसारा म्हणजे दरसाल दहा टक्के असे पाठ करतो. खरा घसारा असा असतो. त्याने वस्तूची किंमत कमी होते की वाढते, हे पुस्तकात दिलेले नाही. बाबांचा हात त्या पन्हळीतून घसरत खालपर्यंत आला. कठड्याने मान डोलवली नाही. बाबांनीच एकदा डोलवली.

शाबूत एकवीस बाहुल्यांपैकी सहा पोरांनी स्टंप म्हणून नेल्या आणि दोन यष्ट्या पुऱ्या केल्या. एकीचे लाटणे झाले. पोळ्या थोड्या डाळिंबाच्या आकाराच्या होतात, पण चालतात. उरलेल्या चौदा माळ्यावर आहेत.

खर्चाची नोंद कशी करावी यावर मात्र मतभेद झाला. डागडुजी असेल तर महसुली खर्च, नवी वस्तू असेल तर भांडवली. कठडा जुनाच, पण गज नवे. मग कठडा तोच की दुसरा? अथेन्सचे लोक थीसियसच्या जहाजाबद्दल हाच वाद घालीत बसले होते, आणि त्यांना ऑडिटसुद्धा नव्हते. मी दोन्ही बाजूंनी बरेच बोललो. बाबांनी पणजोबांची चोपडी मागवली, चष्मा लावला आणि १९२४ च्या नोंदीखाली जागा होती तिथे, मला वाचता यावे म्हणून बाळबोधीत लिहिले: बाहुल्या ३६ वजा, गज ७२ जमा, हाताची पट्टी १ मागील शिल्लक पुढे.

तेरीज जुळते.